बाटली सुटते, गोधडी भिजते

केज तालुक्यातल्या आमच्या गावात दसऱ्यानंतर ट्रॅक्टर भरू लागतात. मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, कोणी कोल्हापूर-सांगलीकडं, कोणी थेट कर्नाटकात ऊस तोडायला जातात. शाळेची पोरं आजीपाशी राहतात. यंदा माझ्या चुलतीकडं शाळेतल्या नातवासोबत त्याचा अडीच वर्षांचा धाकटा भाऊही राहिला. सोबत दुधाची बाटली आणि हगीजचं पुडकं.

बाटली काही हौसेनं आली नव्हती. मागच्या हंगामात आई पहाटेच फडात जायची, तेव्हा कोपीत, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, राहिलेल्या थोरल्या पोराच्या हाती देता येईल अशी तेवढीच सोय होती. दूध पाजायच्या बाटल्यांची जाहिरात करायला 1992च्या कायद्यानं बंदी आहे, पण आठवडी बाजारात त्यांना जाहिरात लागतेच कुठं?

काकूनं लेकराचा वरचा ओठ उचलून दाखवला. समोरच्या दातांवर हिरडीलगत पांढुरकी रेघ, एका ठिकाणी तपकिरी झालेली. खालचे दात मात्र स्वच्छ. चोखताना जीभ खालच्या दातांवर येते, त्यामुळं ते वाचतात. वरच्यांवर दूध साचतं; झोपेत लाळही कमी सुटते, मग दूध धुऊन निघत नाही आणि कीड तिथूनच सुरू होते. शिवाय दुधानं पोट भरलं की भाकरी नको होते, आणि दुधात लोह नावालाच.

गल्लीतल्या बायकांनी जुना उपाय सांगितला: बुचाला कडुलिंबाचा पाला वाटून लाव. अंगावरचं तोडायला हेच करायचे. काकू म्हणाली, "आई गेली तिकडं, अन् वर हेबी कडू करू का?" मला तिचं पटलं.

तिनं दुधाची वेळच बदलली. दिवेलागणीला भाकरीचा काला आणि फुलपात्रातून दूध. मग ओल्या फडक्यानं दात पुसायचे. अंथरुणावर बाटली मिळायची, पण रोज दूध थोडं कमी आणि पाणी थोडं जास्त. एका रात्री नुसतं पाणी आलं. त्यानं दोन घोट घेतले, बाटली दिव्याकडं धरून पाहिली, "आजी, दूध?" म्हणाला. "दूध जेवताना पेलास की राजा." रडला, भरपूर रडला. मग काकूच्या पदराचं टोक तोंडात धरून झोपला. पदर सुटायचा तेव्हा सुटेल, त्यानं दात किडत नाहीत.

बाटली आधी आणि हगीज नंतर, हा क्रम बरोबरच होता. रात्री वरून दूध ओतत राहिलं तर खाली कोरडं राहणार कसं? पण हगीज सोडायला आमच्याकडं पाण्याचा हिशोब लागतो. पावसाळ्यात गोधड्या वाळत नाहीत. उन्हाळ्यात कडक वाळतात, पण तेव्हा टँकरची वाट पाहायची की वाकळा धुवायच्या? ऊन आणि पाणी दोन्ही हाताशी असतं ते दसरा-दिवाळीच्या सुमाराला, आणि नेमकी तेव्हाच आई गावात नसते. त्यामुळं हे काम आज्यांच्याच वाट्याला येतं. काकूनं गादीवर मेणकापड, त्यावर जुन्या लुगड्याची घडी अंथरली. घडी भिजली की ओढायची, दुसरी टाकायची. खालची गोधडी शाबूत.

दिवसा तो लवकर शिकला. रात्रीचं मात्र शिकवून येत नाही. झोपेत लघवी कमी तयार व्हावी यासाठी शरीरात एक संप्रेरक वाढावं लागतं, आणि मूत्राशय भरल्याचा निरोप झोपलेल्या मेंदूपर्यंत पोचावा लागतो. हे कुणाचं तिसऱ्या वर्षी जुळतं, कुणाचं सहाव्या. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा रात्री गादी ओली करतात. आईला किंवा बापाला लहानपणी तसं होत असेल तर शक्यता आणखी वाढते. मध्यरात्री उठवून शू करवली तर गादी वाचते, लेकरू काही शिकत नाही. चारचौघांत हसणं तर सरळ दुष्टपणा. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा भिजवू लागलं, लघवीला आग होत असेल किंवा तहान फार लागत असेल, तर मात्र अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय गाठावं.

संक्रांतीनंतर त्याला आईकडं पोचवायचं ठरलं. फोनवर आई म्हणाली, "मामी, हगीज घिऊन ठिवू का?"

"वाटलं तर ठिव. भिजवतंय अजून, भिजवू दे," काकू म्हणाली. "बाटली मात्र बाजारात दिसली तरी घिऊ नको. एक गिलास ठिव, त्याच्या हातात मावंल असा."