आवाजाचा ट्रान्सफॉर्मर निवडताना

अंधेरीच्या आरामनगरातल्या बैठ्या घरांपासून मुलुंडच्या एखाद्या वन बीएचकेपर्यंत, उपनगरांत आज कितीतरी घरांत आवाज रेकॉर्ड होतो. कुणी मालिकांचं डबिंग करतं, कुणी पुस्तकं वाचतं, कुणी रात्री रहदारी थंडावल्यावर गाणं गातं. त्यातल्या काही जणांना विकतच्या डब्यावर समाधान नसतं. मायक्रोफोनचा प्रीअँप, गिटारीसाठी डीआय बॉक्स, मिक्सरच्या आउटपुटला लावायचा आयसोलेटर अशा वस्तू ते स्वतः सोल्डर करतात. रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी ही खरेदी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर तासाभरात होते. अडतं ते ट्रान्सफॉर्मरपाशी. साऱ्या डब्यात सगळ्यांत महाग नग तोच, आणि सगळ्यांत कमी समजून घेतलेलाही तोच.

वस्तू अगदी साधी. पातळ पत्र्यांचा गाभा आणि त्यावर तांब्याच्या तारेची दोन वाइंडिंगं. पहिल्यातून सिग्नल गेला की गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि दुसऱ्यात व्होल्टेज उभं राहतं. फॅरडेने १८३१ साली लोखंडी कड्यावर जे दाखवलं तेच हे. दोन वाइंडिंगांमध्ये तारेचा कसलाही संबंध नाही, आणि चालायला वीज लागत नाही. नीट बनवलेला नग पन्नास वर्षं बिनतक्रार काम करतो.

मालाडला १९३४ साली बॉम्बे टॉकीज उभी राहिली, गोरेगावला १९४३ साली फिल्मिस्तान. त्या काळातल्या स्टुडिओंच्या व्हॉल्व्हच्या यंत्रणेत ट्रान्सफॉर्मर लावायचा की नाही हा प्रश्नच नव्हता. मायक्रोफोन अगदी थोडं व्होल्टेज देतो आणि त्याचा इम्पीडन्स कमी असतो. व्हॉल्व्हच्या ग्रिडला उलट हवं असतं. बाहेर पडतानाही व्हॉल्व्हचं चढं व्होल्टेज लांबच्या लाइनवर घालायला पुन्हा ट्रान्सफॉर्मरच लागायचा. पुढे ट्रान्झिस्टर आणि आयसी आले, ट्रान्सफॉर्मरशिवाय बॅलन्स्ड इनपुट करता येऊ लागला आणि स्वस्त मिक्सरमधून हे तांबं-लोखंड निघून गेलं. आज कुणी तो लावतो तेव्हा ठरवून लावतो. म्हणून कशासाठी लावतोय हे आधी स्पष्ट हवं. ब्रँडचं नाव नंतर बघावं. अलीकडे काय जोडलंय, पलीकडे काय जोडलंय, सिग्नल जास्तीत जास्त किती मोठा येणार आणि खाली किती हर्ट्झपर्यंत जायचंय, या चार गोष्टी कागदावर लिहिल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये असं माझं ठाम मत आहे.

मायक्रोफोनच्या इनपुटपासून सुरुवात करू. वेढ्यांचं गुणोत्तर १:१० असेल तर व्होल्टेज दहापट होतं, म्हणजे २० डेसिबल वाढ फुकट मिळते. इम्पीडन्स मात्र गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे शंभरपट वाढतो. १५० ओहमचा मायक्रोफोन पलीकडच्या आयसीला १५,००० ओहमचा भासतो. वेढे जितके जास्त तितकी वाढ जास्त आणि खरखर कमी, असा समज सर्रास आहे. तो हिशेबात टिकत नाही. एनई ५५३४ हा लॅमिंग्टन रोडवर कुठेही मिळणारा आयसी घ्या. त्याची खरखर ४ नॅनोव्होल्ट धरली, तर त्याच मापाने १५० ओहमच्या मायक्रोफोनची स्वतःची खरखर जेमतेम १.६ भरते. थेट जोडलं तर आयसीचीच खरखर वरचढ. मधे १:१० चा ट्रान्सफॉर्मर घातला की मायक्रोफोनची खरखर १६ होते आणि आयसीच्या ४ ला काही किंमत उरत नाही. पण आयसीच्या इनपुटला व्होल्टेजसारखीच करंटचीही खरखर असते, सुमारे ०.६ पिकोअँपियर. ती त्या १५,००० ओहमवर पडली की तिचे ९ नॅनोव्होल्ट होतात. या दोन्ही खरखरींचा एकत्रित त्रास सर्वांत कमी होतो तो १:७ च्या आसपास. म्हणजे ५५३४ साठी १:५ चा नगही १:१० पेक्षा थोडा सरसच ठरतो.

अमेरिकेतल्या डीन जेन्सनने १९८० साली ९९० हा सुट्या ट्रान्झिस्टरांचा अँप प्रसिद्ध केला. त्याची व्होल्टेजची खरखर इतकी कमी होती की त्याच्या जोडीला त्याने जेटी-१६ हा फक्त १:२ चा ट्रान्सफॉर्मर दिला. त्याच्याच कंपनीचा जेटी-११५के-ई हा १:१० चा नग व्हॉल्व्हसाठी किंवा एफईटीसाठी शोभतो, कारण त्यांची करंटची खरखर नगण्य असते. दोन्ही नग उत्तमच आहेत. बदलतं ते फक्त पलीकडचं सर्किट.

मोठ्या आवाजाचाही विचार हवा. उपनगरांत गणपतीच्या आधी दोन महिने ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो आणि तो रेकॉर्ड करायचा मोह कुणालाही होतो. कंडेन्सर मायक्रोफोनची संवेदनशीलता पास्कलला २० मिलिव्होल्ट धरू. ढोलाच्या पानाजवळ आवाज १३० डेसिबलपर्यंत गेला, तर मायक्रोफोनमधून सव्वा व्होल्ट बाहेर पडतो. १:१० चा ट्रान्सफॉर्मर त्याचे साडेबारा करतो. १५-१५ व्होल्टच्या सप्लायवर चालणारा आयसी नऊ व्होल्टांच्या आसपासच कापायला लागतो. प्रीअँपची नॉब शून्यावर असली तरी आवाज फाटतो, कारण वाढ नॉबच्या आधीच होऊन गेलेली असते. तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या आधी २० डेसिबलचा पॅड हवा. नाहीतर १:२ वर समाधान मानावं.

ढोलाबरोबर आणखी एक अडचण येते, ती गाभ्याची. गाभ्यात साठणारं चुंबकत्व व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतं आणि फ्रीक्वेन्सीच्या उलट प्रमाणात. तेवढ्याच व्होल्टेजला ८० हर्ट्झपेक्षा ४० हर्ट्झवर गाभ्यावर दुप्पट भार येतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर बिघडवतो तो आधी खालचा सूर, वरच्या सुरांना तो सहसा धक्का लावत नाही. फक्त बोलणं आणि गाणं रेकॉर्ड करणाऱ्याला लहान गाभा पुरतो. डग्गा, ढोल, बेस गिटार घेणाऱ्याला पुरत नाही. डेटाशीटवर कमाल पातळी दिलेली असते, तिच्याशेजारी ती किती हर्ट्झवर मोजली ते हटकून बघावं. फक्त १ किलोहर्ट्झचा आकडा दिला असेल तर त्यावरून काहीच कळत नाही.

गाभ्याचा धातूही इथेच ठरतो. सुमारे ८० टक्के निकेलचा म्यूमेटल अगदी बारीक सिग्नललाही चटकन साथ देतो, पण ०.८ टेस्लाच्या आत भरून जातो. वीजमंडळाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असतं ते सीआरजीओ पोलाद त्याच्या दुपटीहून जास्त सोसतं, मात्र मायक्रोफोनच्या मिलिव्होल्टांना ते सुस्त असतं. म्हणून इनपुटला निकेल आणि आउटपुटला पोलाद किंवा पन्नास टक्क्यांचं निकेल. म्यूमेटलचा शोध १९२३ साली लंडनच्या टेलिग्राफ कन्स्ट्रक्शन अँड मेंटेनन्स कंपनीत लागला, समुद्राखालच्या तारांसाठी. मुंबई ते एडन ही १८७० सालची पहिली समुद्री तार याच कंपनीने बनवलेली. मला हा धागा फार आवडतो.

म्यूमेटलचा दुसरा उपयोग ट्रान्सफॉर्मरभोवतीच्या डबीसाठी. आमच्याकडे ती चैन नव्हे. इनपुट ट्रान्सफॉर्मर म्हणजे शेकडो वेढ्यांची वेटोळी, आजूबाजूचं कुठलंही ५० हर्ट्झचं क्षेत्र ती उचलते आणि पुढे ते हजारपट मोठं होतं. लोकलच्या तारांत पूर्वी १५०० व्होल्ट डीसी असायचं. पश्चिम रेल्वेवर २०१२ साली आणि मध्य व हार्बरवर २०१५-१६ पर्यंत तिथे २५,००० व्होल्टचं ५० हर्ट्झ एसी आलं. घाटकोपर किंवा बोरिवलीला रुळांना खेटून असलेल्या इमारतीत मायक्रोफोनची केबल आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही त्या क्षेत्रात असतात. अंतर वाढलं की ते झपाट्याने ओसरतं, आणि बहुतेक घरांत खरा उपद्रव असतो तो त्याच डब्यात बसवलेल्या मेन्स ट्रान्सफॉर्मरचा किंवा भिंतीपलीकडच्या मीटर रूमचा. उपाय सोपा आहे. सप्लाय वेगळ्या डब्यात मीटरभर लांब ठेवायचा, आणि बोल्ट आवळण्याआधी कानाला हेडफोन लावून इनपुट ट्रान्सफॉर्मर हाताने हळूहळू फिरवून बघायचा. एका ठराविक कोनात घूं जवळजवळ नाहीशी होते. तिथेच भोक पाडायचं.

मालाडकरांना ट्रान्सफॉर्मर लावायला आणखी एक कारण आहे. मार्वेच्या बाजूला आकाशवाणीच्या मध्यम लहरींचे मनोरे आहेत. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, फिल्टरही धड नसलेल्या प्रीअँपमध्ये जवळपासचं असं जोरदार केंद्र शिरून ऐकू येऊ शकतं. चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वाइंडिंगांच्या मधे तांब्याच्या पत्र्याचा पडदा असतो, तो अर्थिंगला जोडला की दोन्ही तारांवरून सारखाच आलेला हा उपद्रव अलीकडेच थांबतो. स्टेजवर ग्राउंड लूप तोडायलाही हेच गुण कामी येतात.

आता खरेदी. स्वीडनमधली १९५८ पासूनची लुंडाल, ब्रिटनमधली १९४१ पासूनची सोटर, अमेरिकेतल्या जेन्सन आणि सिनेमॅग ही नावं विश्वासाची आहेत. १९७० सालच्या नीव्ह १०७३ सारखा आवाज हवा असेल त्यांच्यासाठी ब्रिटनचीच कार्नहिल आहे. ही सगळी आयात, कस्टम्स आणि जीएसटी धरून खिसा चांगलाच हलका होतो. मग लॅमिंग्टन रोडवर ‘ऑडिओ ट्रान्सफॉर्मर’ म्हणून हातात येतात ते ६०० ओहमचे १:१ चिमुकले नग. ते टेलिफोन-मोडेमसाठी बनलेले असतात, ३०० ते ३४०० हर्ट्झच्या बोलण्यासाठी. शाळेच्या भोंग्यांचे १०० व्होल्ट लाइनचे ट्रान्सफॉर्मर तर वेगळ्याच कामाचे. दोन्ही सोडून द्यावेत. इनपुटचा ट्रान्सफॉर्मर पैसे साठवून चांगल्या कंपनीचा घ्यावा, कारण हायड्रोजनच्या भट्टीत तापवलेलं निकेल आणि म्यूमेटलची डबी गल्लीत बनत नाही. आउटपुटचा मात्र इथेच गुंडाळून घ्यावा. माझा हा सल्ला काहींना धाडसी वाटतो, पण आकडे त्याच्या बाजूने आहेत.

मोटारी आणि इन्व्हर्टरचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्यांचे गाळे साकीनाक्याला, कुर्ल्याला, मुलुंडला अजून आहेत. गेल्या गेल्या काका विचारतात, “किती वॅटचा? किती व्होल्ट, किती अँपियर?” तिथे ‘ऑडिओ’ हा शब्द उपयोगाचा नाही. वेढे, गेज आणि स्टॅम्पिंगचा नंबर सांगावा लागतो. १७ नंबरचं स्टॅम्पिंग म्हणजे मधली जीभ अर्धा इंच. सीआरजीओची अर्धा इंच थप्पी लावली की गाभ्याचा छेद जवळपास दीड चौरस सेंटिमीटर मिळतो. २० हर्ट्झवर १२.३ व्होल्ट, म्हणजे २४ डीबीयूची पूर्ण प्रोफेशनल पातळी, एका टेस्लाच्या आत ठेवायला साधारण ९५० वेढे लागतात. दोन्ही वाइंडिंगं ३८ नंबरच्या तारेने बॉबिनमध्ये आरामात बसतात आणि प्रत्येकाचा रेझिस्टन्स सत्तर ओहमच्या घरात येतो. अट एकच, मागचा अँप कमी इम्पीडन्सचा हवा. ५० ओहमच्या आसपास असला तर बेस खाली दहा हर्ट्झच्याही आत जातो, ६०० ओहमचा असला तर तोच ट्रान्सफॉर्मर बेस खातो.

काम सुरू झालं की तिथे उभं राहावं. काका सवयीने आधी सगळी प्रायमरी आणि तिच्यावर सगळी सेकंडरी घालतात. मेन्ससाठी ते ठीक, आवाजासाठी नाही, तसं केलं तर वरचे सूर गळतात. अर्धी प्रायमरी, मग पूर्ण सेकंडरी, मग उरलेली अर्धी प्रायमरी, असं सांगायचं. दोन थरांच्या मधे तांब्याचा पत्रा गुंडाळताना त्याची टोकं एकमेकांवर येतात, पण त्यांच्यामध्ये कागदाची पट्टी हवीच. टोकं टेकली तर तो पत्रा म्हणजे शॉर्ट झालेला एक वेढा होतो आणि सगळा नग वाया जातो. स्टॅम्पिंग एकाआड एक, फटी न ठेवता भरायचं. फक्त ज्याच्या वाइंडिंगमधून डीसी जाणार, तिथेच कागदाचा गॅप, १०७३ च्या आउटपुटसारखा. शेवटी व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवणं टाळू देऊ नये. आपल्या पावसाळ्यात उघड्या बारीक तारेवर हिरवा ठिपका पडतो आणि काही वर्षांत तार तुटते. जुन्या बाजारातले नग मेलेले निघतात ते बरेचदा याच कारणाने.

घरी आणल्यावर आउटपुटचा नग मल्टिमीटरने तपासायला हरकत नाही. निकेलच्या इनपुटला मात्र ओहमच्या रेंजवर मीटर लावू नये, त्या डीसीनेही गाभ्यात चुंबकत्व राहू शकतं. कंडेन्सर मायक्रोफोनला वीज पुरवणाऱ्या फँटमचे ६.८ किलोओहमचे दोन रेझिस्टर जुळवून घेतलेले असावेत तेही याचसाठी, दोन्ही बाजूंचा डीसी सारखा असला की एकमेकांना छेद देतो. मग ट्रान्सफॉर्मरमधून १ किलोहर्ट्झची चौकोनी लाट पाठवून ती ऑसिलोस्कोपवर बघायची. सेकंडरी मोकळी असेल तर लाटेच्या कोपऱ्यावर थरथर दिसते. तिच्यावर एक रेझिस्टर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये छोटा कपॅसिटर लावून, किमती बदलत बदलत कोपरा गोल न होऊ देता थरथर घालवायची. जमलेली जोडी त्या नगालाच चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहून ठेवावी, कारण त्याच काकांनी त्याच बॉबिनवर गुंडाळलेल्या पुढच्या नगाला ती पुन्हा थोडी बदलावी लागते.