नवी गाडी आली की शर्यत बरोबरीची होते का?

अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या घट्ट वाळूत बैलगाड्यांच्या शर्यती बघणाऱ्या मंडळींनो, अमेरिकेतल्या नॅसकार या मोटारशर्यतींच्या मालिकेची पाळंमुळंही किनाऱ्यावरचीच आहेत. फ्लोरिडातल्या डेटोनाला अर्धी वाळू, अर्धा डांबरी रस्ता अशा मार्गावर १९५८ पर्यंत मोटारी धावत होत्या. त्याच नॅसकारने २०२२ मध्ये 'नेक्स्ट जेन' गाडी आणली. सांगाडा, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचे भाग सगळ्या संघांनी ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यायचे. भाग स्वतः घडवणाऱ्या श्रीमंत संघांची पकड त्यामुळे ढिली झाली. त्या हंगामात ३६ शर्यतींत १९ वेगवेगळे विजेते निघाले आणि आदल्याच वर्षी उतरलेल्या ट्रॅकहाउस संघाचा ड्रायव्हर रॉस चॅस्टेन विजेतेपदासाठीच्या अंतिम चौघांत पोचला.

कुणी म्हणेल, विजेतेपद तर २०२२, २०२३, २०२४ असं सलग तीनदा पेन्स्के या बड्या संघाकडेच गेलं. खरं आहे. भाग सारखे झाले तरी ते नेमके जुळवणारे इंजिनिअर आणि अव्वल ड्रायव्हर मिळवायला पैसा लागतोच. म्हणून माझं मत असं, की नवं मॉडेल लहान संघाला एखादी शर्यत जिंकण्याची खरीखुरी संधी देतं, हंगामाची हमी देत नाही. शिवाय किंमतही मोजावी लागली. गाडीचा मागचा भाग इतका ताठ होता, की धडकेचा दणका थेट ड्रायव्हरला बसायचा. कर्ट बुश आणि अ‍ॅलेक्स बोमन हे ड्रायव्हर डोक्याला मार लागून शर्यतींना मुकले. २०२३ साठी तो भाग मऊ करावा लागला. तेव्हा कुठल्याही स्पर्धेत नवी गाडी आली, तर पहिल्या वर्षाचे विजेते मोजून थांबू नका, तिसऱ्या वर्षाचा गुणतक्ताही बघा.