कामाआधीचे काम

गणेशगुडी म्हटले की आजकाल लोकांना काळी नदीतले राफ्टिंग आठवते. त्याआधी हे नाव आपल्या ओळखीचे झाले ते सुपा धरणामुळे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, तिथली कितीतरी कुटुंबे रामनगरला येऊन वसली आणि १९८७ साली १०१ मीटर उंचीचे धरण पुरे झाले. धरणाच्या पायथ्याशी पन्नास-पन्नास मेगावॉटचे दोन संच आहेत. वीज तयार करून बाहेर पडलेले पाणी खाली बोमनहळ्ळीच्या जलाशयात जाते आणि तिथून नागझरीच्या वीजगृहाला मिळते. याच वाटेवर, याच पाण्यावर, पर्यटकांच्या रबरी बोटी चालतात.

एकाच पाण्यावर दोन धंदे, आणि दोन्ही जिवावरचे. इथे चूक घडली तर ती सुधारायला सवड मिळत नाही. म्हणून जी काही काळजी घ्यायची ती काम सुरू होण्याआधीच घ्यावी लागते.

मोठ्या प्रकल्पांत जोखमीच्या कामाआधी दोन कागद तयार करतात. पहिला ‘रिस्क असेसमेंट’. या कामात काय बिघडू शकते, कुणाला इजा होईल, ती किती गंभीर असेल आणि टाळायची कशी, याची त्यात नोंद असते. दुसरा ‘मेथड स्टेटमेंट’. काम कोण करणार, कोणत्या क्रमाने, कोणत्या साधनांनी, आणि मध्येच काही बिनसले तर काय करायचे, हे त्यात लिहितात. नावे बोजड आहेत, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. लग्नघरातला मुरलेला आचारी भट्टी पेटवण्याआधी तिची जागा ठरवतो, तेलाची कढई पोरांच्या वाटेत येणार नाही हे बघतो, ती उतरवायला दोन माणसे नेमून ठेवतो. त्याचे दोन्ही कागद डोक्यात तयार असतात.

वीजगृहात मात्र डोक्यातला कागद पुरत नाही, कारण तिथे एकाच्या डोक्यातले दुसऱ्याला कळणे हाच जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. टर्बाइनच्या आत दुरुस्तीला माणूस उतरायचा असेल, तर आधी वरचा दरवाजा बंद करून नळातले पाणी काढून टाकतात. खालच्या बाजूने पाणी मागे येऊ नये म्हणून तिकडचाही दरवाजा टाकतात. विजेची जोडणी तोडतात, अर्थिंग करतात, तेलाचा दाब उतरवतात, आतली हवा तपासतात. प्रत्येक ठिकाणी कुलूप आणि पाटी लावतात. आत माणूस आहे तोवर ते कुलूप दुसऱ्या कुणी उघडायचे नाही. आपल्या गावातला लाइनमन खांबावर चढण्याआधी ‘लाइन क्लिअर’ घेतो, तीही याच घराण्यातली रीत.

कागद असूनही तो योग्य माणसापर्यंत पोचला नाही तर काय होते, याचे उदाहरण साऱ्या जगाने पाहिले आहे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर एका पंपाचा सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढलेला होता. तशी नोंद झाली होती. पण ती रात्रपाळीच्या माणसांच्या हाती आली नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हा पहिला सुरू केला. वायू गळला, स्फोट झाला आणि १६७ माणसे गेली. पाळी बदलताना समोरासमोर उभे राहून दोन वाक्ये बोलली गेली असती, तर तो पंप सुरू झाला नसता.

आता नदीकडे येऊ. काळीच्या काठी बोट सोडण्याआधी मार्गदर्शक जे सांगतात ते मी लक्ष देऊन ऐकले आहे. जॅकेटचे पट्टे घट्ट करा, वल्हे असे धरा, पाण्यात पडलात तर पाठीवर व्हा आणि पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा. वाहत्या पाण्यात उभे राहायचा प्रयत्न करू नका, कारण पाऊल दगडांत अडकले की मागचे पाणी माणसाला आडवे करते. पाच-दहा मिनिटांचे हे बोलणे म्हणजे तोंडी मेथड स्टेटमेंटच. पर्यटकांचे अर्धे लक्ष तेव्हा फोटो काढण्यात असते, हेही मी पाहिले आहे.

पण नुसते सांगून भागत नाही. एप्रिल २०२२ मध्ये गणेशगुडीजवळ क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली एक बोट प्रवाहात अडकली. दुसऱ्या बोटवाल्यांनी धाव घेतली म्हणून माणसे वाचली. त्यानंतर प्रशासनाने काही काळ जलक्रीडा बंद ठेवल्या. बोटीत किती माणसे बसवायची हा आकडा गर्दी आणि पैसा समोर नसताना ठरवलेला असतो. सुट्टीच्या दिवशी रांग वाढली म्हणून तो बदलायचा असेल, तर मग आधी ठरवले कशाला?

आणखी एक गोष्ट धरणाखालच्या प्रत्येक गावाने ध्यानात ठेवावी. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात लारजी धरणातून पाणी सोडले गेले आणि खाली बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी आणि त्यांच्या सहलीचा एक संयोजक वाहून गेले. दरवाजा उघडणे हे धरणावरच्या माणसाचे रोजचे काम. त्याचा धोका मात्र कुंपणापलीकडे, खडकावर बसलेल्या पोरांना होता. धोक्याची यादी करताना आपल्या हद्दीबाहेर कोण उभे आहे, हेही लिहावे लागते. धरणाखाली फिरायला जाणाऱ्यांनी पात्र कोरडे दिसले म्हणून आत उतरू नये. भोंगा वाजला तर फोटो सोडून वर यावे.

धोका टाळण्याच्या उपायांनाही एक क्रम आहे. जमले तर धोकाच काढून टाका. ते जमत नसेल तर कमी धोक्याची रीत घ्या. मग आडोसा किंवा कठडा उभारा. मग नियम आणि पाट्या. हेल्मेट आणि हातमोजे सगळ्यात शेवटी. आपण नेमके उलटे करतो, हेल्मेट वाटले की काम झाले म्हणतो. आपल्या भागातल्या सुपारीच्या बागांचेच बघा. पोफळीवर चढणे टळावे म्हणून कार्बन फायबरच्या लांब काठ्या आल्या, पडण्याचा धोका गेला. पण कार्बन फायबरमधून वीज वाहते. बागेवरून तारा जात असतील तर जुना धोका जाऊन नवा आला. रीत बदलली की यादी पुन्हा करायची ती याचसाठी.

घरच्या विहिरीचेही तसेच. उपसायला डिझेल पंप आत उतरवला की त्याचा विषारी धूर तळाशी साचतो. कंदील सोडून पाहायची जुनी रीत प्राणवायू कमी आहे एवढेच सांगते, हा वायू ती ओळखत नाही. पहिला बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला उडी घेतो आणि तोही जातो. पंप वरच ठेवा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि वर ओढायला माणसे उभी करा.

शेवटी प्रश्न येतो बोलण्याचा. भोपाळच्या डिसेंबर १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक उद्योगांतल्या कामगाराला धोका दिसताच तो मालकाच्या नजरेला आणण्याचा हक्क मिळाला. तसा हक्क २०२० च्या नव्या कामगार सुरक्षा संहितेतही आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण आपल्या सीमाभागात एका टोळीत एक कानडी, दुसरा कोकणी, तिसरा मराठी बोलणारा असतो आणि कागद इंग्रजीत. ज्याला कागद कळत नाही, तो बोलणार काय? म्हणून माझे सांगणे एवढेच, की कागद कामाच्या जागी उभे राहून, काम करणाऱ्यांना विचारून लिहावा आणि त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचावा.

घरच्यांनाही यात एक काम आहे. माणूस सकाळी डबा घेऊन निघताना आपण “सांभाळून जा” म्हणतो. त्याला जोडून कधीतरी विचारा, आज काम काय आहे, आणि नको वाटले तर थांबा म्हणायची सोय तिथे आहे का?