हक्क आणि त्याचे दार

शाळेत नागरिकशास्त्राच्या पेपरात मूलभूत हक्कांची यादी आम्ही घडाघडा लिहीत असू. शेवटचा ‘घटनात्मक उपाययोजनेचा हक्क’ मात्र वेळ उरला तरच. खरे तर बाकीचे सारे हक्क त्याच्याच आधाराने उभे आहेत, हे पुष्कळ उशिरा कळले.

हे राज्यघटनेचे कलम ३२. हक्कावर गदा आली तर थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत याच कलमाला घटनेचे हृदय आणि आत्मा म्हटले होते.

हे दार बंद झाले की काय होते, ते आपण पाहिले आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम १४, २१ आणि २२ यांसाठी न्यायालयात जाण्याची मुभा स्थगित झाली. हक्क कोणी खोडला नव्हता, बरे का! तो पुस्तकात तसाच छापलेला होता. मागायला जायची सोय तेवढी उरली नव्हती.

‘मिसा’खाली डांबलेल्यांच्या वतीने ‘हेबिअस कॉर्पस’चे अर्ज झाले. म्हणजे, धरलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणा आणि कोणत्या कायद्याने धरले ते सांगा. असे अर्ज ऐकता येतात, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे न्या. खन्ना यांनी ॲटर्नी जनरलना विचारले, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक आकसापोटी कोणाला ठार मारले तर? आणीबाणी आहे तोवर दाद मागता येणार नाही, असे उत्तर आले.

२८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी सरकार जिंकले. तो एक म्हणजे खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले. खन्नांनी राजीनामा दिला.

आणीबाणीतही कलम २० आणि २१ साठी हे दार बंद करता येणार नाही, अशी तरतूद १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने झाली. पण तो निकाल रद्द व्हायला २०१७ साल उजाडले. खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे हे घडले. १९७६ च्या त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निकाल गंभीररीत्या चुकीचा होता असे लिहिणारे धनंजय चंद्रचूड त्यांचे चिरंजीव. लोक या योगायोगाचे कौतुक करतात. मला मात्र मधली ४१ वर्षे खुपतात.