एंजिनाची अतिगती

मोटारगाडीच्या एंजिनाचा भुजादंड (क्रँक) निर्मात्याने ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेपेक्षा अधिक वेगाने फिरणे, यास एंजिनाची अतिगती म्हणतात. बोलभाषेत एंजिन ‘रेस’ झाले असे म्हटले जाते. तथापि गाडी उभी असताना प्रवेगक दाबून एंजिन घुमविणे आणि खरी अतिगती यांत मोठा फरक आहे. बहुतेक आधुनिक पेट्रोल एंजिनांची मर्यादा दर मिनिटाला 6,000 ते 7,000 फेरे, तर मोटारींच्या डीझेल एंजिनांची सुमारे 4,500 ते 5,000 फेरे असते. प्रवेगक कितीही दाबला तरी या मर्यादेशी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक इंधन तोडतो व गती वाढू देत नाही. मात्र चाकांनीच एंजिनास फिरविले, तर इंधन तोडून काहीच साधत नाही. खरे नुकसान बहुधा याच प्रकारात होते.

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला व तो जालना जिल्ह्यातून जातो. तेथे मोटारींस ताशी 120 किमी. पर्यंत वेगाची मुभा आहे. जिल्ह्यातील जुन्या रस्त्यांवर क्वचितच गाठला जाणारा हा वेग आता नित्याचा झाला. समजा, एखादी मोटार पाचव्या गिअरमध्ये या वेगाने जात असून तिचे एंजिन दर मिनिटाला 3,600 फेरे घेत आहे. पुढील ट्रक ओलांडण्यासाठी चालकाने दांडी चौथ्या गिअरसाठी मागे ओढली; पण हात किंचित डावीकडे गेल्याने दुसरा गिअर पडला. पाचव्याचे गुणोत्तर 0.80 व दुसऱ्याचे 1.90 असल्यास क्लच सुटताच एंजिनाची गती 8,550 फेऱ्यांकडे झेपावते. टायर घसरतात, क्लचही काहीसा घसरतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरतो. चालकाने लगेच क्लच पुन्हा दाबला तरी एक-दोन सेकंदांत एंजिनाचे शेकडो फेरे होऊन गेलेले असतात.

दट्ट्या (पिस्टन) व संयोगदांडा यांवरील निरूढीजन्य प्रेरणा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. 6,000 ऐवजी 8,500 फेरे म्हणजे गतीत सुमारे 42 टक्के वाढ. परंतु प्रेरणा दुप्पट होते. सर्वांत कठीण क्षण निष्कास धावेच्या अखेरीस येतो. त्या वेळी दट्ट्यावर वायूचा दाब नसतो व त्याला थोपवून परत खेचण्याचा सर्व भार संयोगदांडा आणि त्याचे बोल्ट यांवर पडतो. बोल्ट ताणले गेले की धारव्याची पकड सैल होते.

त्याआधीच बहुधा झडपा हार खातात. झडपेची स्प्रिंग तिला कॅमच्या पाठीवर टेकवून ठेवते. गती फार वाढली की स्प्रिंग मागे पडते, झडप वेळेवर मिटत नाही आणि वर येणारा दट्ट्या तिच्यावर आदळतो. झडप वाकते, दट्ट्याच्या माथ्यावर अर्धचंद्राकृती खूण उमटते; क्वचित झडपेचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडते व सारेच चिरडते. टायमिंग पट्ट्याचा वा साखळीचा दाता सरकला तरी परिणाम हाच. डीझेल एंजिनात संपीडन अधिक असल्यामुळे दट्ट्या व झडप यांमधील मोकळीक फारच थोडी असते.

अशा घटनेनंतर एंजिन बंद पडले असेल, तर ‘चालते का पाहू’ म्हणून स्टार्टर मारणे हा सर्वांत महाग प्रयोग ठरतो. वाकलेली एक झडप बदलणे शक्य असते. तुटलेल्या डोक्यासह घेतलेले चार फेरे संपूर्ण एंजिन निकामी करतात. गाडी ओढून न्यावी. प्रथम स्पार्क प्लग काढून भुजादंड पान्याने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवितात, कारण चार धावांच्या एंजिनात सर्व झडपांचे एक आवर्तन दोन फेऱ्यांत पूर्ण होते. मध्येच टणक अडथळा लागल्यास जोर न करता थांबावे. टायमिंगच्या खुणा जुळतात का हे पाहून मग प्रत्येक सिलिंडरचे संपीडन मोजतात. एका सिलिंडरचा दाब इतरांहून बराच कमी भरला, तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढल्यास दोष कड्यांचा, न वाढल्यास बहुधा झडपेचा. सिलिंडरमध्ये दाबाखालील हवा सोडल्यास गळतीची जागाही कळते : फुसफुस हवाग्रहण नळीत ऐकू आल्यास आतली झडप, सायलेन्सरमध्ये आल्यास निष्कास झडप. झडपेची टॅपेट-फट अचानक मोठी झालेली आढळणे ही झडप वाकल्याची चांगली खूण होय. शेवटी तेल काढून गाळणी कापून पाहतात. घडीत चकचकीत धातूचे कण दिसल्यास धारवे उघडणे अटळ असते.

वाकलेली झडप सरळ करून पुन्हा बसविणे ही काटकसर नव्हे. ती बदलावीच, तसेच तिची मार्गिका व बैठक तपासावी. संयोगदांड्याचे ताणून बसविण्याच्या प्रकारचे बोल्ट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत. भुजादंड व संयोगदांडे यांतील केसासारख्या भेगा डोळ्यांना दिसत नाहीत. त्या चुंबकीय कणांच्या परीक्षेने शोधतात, तर ॲल्युमिनियमच्या हेडसाठी रंगद्रवाची परीक्षा वापरतात. ही परीक्षा टाळून केवळ हेड दुरुस्त केलेले एंजिन काही हजार किलोमीटरनंतर संयोगदांडा तुटून बंद पडू शकते. सर्व मोजमापे योग्य निघाली, तर मात्र नुसत्या भीतीपोटी एंजिन उघडण्याचे कारण नाही. तेल व गाळणी बदलून काही दिवस तेलाचा दाब आणि आवाज यांवर लक्ष ठेवणे पुरेसे होते.

डीझेल एंजिनात अतिगतीचा आणखी एक प्रकार संभवतो. टर्बोची सील गळल्यास किंवा चेंबरमध्ये तेल जास्त भरल्यास एंजिन स्वतःचेच वंगण तेल जाळू लागते व किल्ली बंद करूनही थांबत नाही. उभी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडणे, किंवा हवेचे तोंड पक्के झाकणे, हेच उपाय उरतात. तोंड झाकण्यास हाताचा तळवा कधीही वापरू नये. विहिरीवरील डीझेल एंजिनांतही पट्टा निसटला, अथवा विहीर आटून पंपाने पाणी सोडले, की भार एकाएकी नाहीसा होतो. गतिनियंता ठीक असेल तर गती किंचितच वाढते. इंधनपंपाची दांडी धूळ व चिकट्याने अडकलेली असेल, तर दर मिनिटाला 1,500 फेऱ्यांसाठी बनविलेले एंजिन जड प्रचक्रासह सुसाट सुटते, आणि तेव्हा प्रचक्राच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. जालन्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात उन्हाळ्यापूर्वी ही दांडी हाताने मोकळी सरकते का हे पाहण्यास काही मिनिटेच लागतात.