आयसीयूत रुग्ण अशक्त आहे, पण कधीपासून?

कपाशीच्या फवारणीचा हंगाम आपल्या वऱ्हाडातल्या आयसीयूंना चांगला ठाऊक आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन 20 पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, ते तुम्हाला आठवत असेल. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही नावं अचलपूर भागात कापूस पेरणाऱ्या घरांना नवीन नाहीत. ही दोन्ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं.

समजा, अशी विषबाधा झालेला एक रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे आणि त्याच्या हातापायात जोर नाही. निदान काय? मशीनकडे धावण्याआधी तारखा बघा.

ऑर्गॅनोफॉस्फेटमुळे नर्व्ह आणि स्नायू जिथे भेटतात तिथे ॲसिटिलकोलिन साचतं. ॲट्रोपिनने लाळ, घाम, छातीतलं पाणी आटोक्यात येतं, पण या सांध्यावर त्याचा उपयोग नाही. म्हणून माणूस सुधारलेला दिसतो आणि 24 ते 96 तासांत अचानक श्वास कमी पडतो. याला इंटरमीजिएट सिंड्रोम म्हणतात. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालीद्दे यांनी 1987 मध्ये 10 रुग्णांवरून त्याचं वर्णन केलं. ओळखायची खूण अगदी साधी आहे: उताणं झोपलेल्या रुग्णाला उशीवरून मान उचलता येत नाही. या तपासणीला एक रुपया लागत नाही, आणि तरी ती राहून जाते.

आता तोच रुग्ण दहाव्या दिवशी बघा. झोपेची औषधं बंद केली, तरी हात उचलत नाही. मधल्या काळात सेप्सिस होऊन गेलं. ही कमजोरी विषाची नसून गंभीर आजारपणाची असू शकते. कॅनडात बोल्टन यांनी 1984 मध्ये व्हेंटिलेटरवरून सुटू न शकणारे असेच रुग्ण मांडले होते. इथे एमआरसी स्कोर वापरतात: दोन्ही बाजूंचे मिळून 12 स्नायूगट, प्रत्येकाला 0 ते 5, एकूण 60. बेरीज 48 च्या खाली गेली की कमजोरी धरायची.

पण गुण द्यायचे तर रुग्ण जागा हवा. त्यासाठी आधी पाच आज्ञा देतात: डोळे उघडा, माझ्याकडे बघा, जीभ काढा, मान हलवा, मी पाचपर्यंत मोजलं की भुवया उचला. मेळघाटातून आलेल्या कोरकू आजोबांना हे मराठीत सांगितलं आणि भुवया उचलल्या नाहीत, तर ते शुद्धीवर नाहीत की तुमचं बोलणं कळलं नाही? डी जाँग यांच्या 2002 च्या फ्रान्समधल्या अभ्यासात सात किंवा जास्त दिवस व्हेंटिलेटरवर राहून नीट जागे झालेल्या 95 रुग्णांपैकी साधारण 25 टक्क्यांना कमजोरी होती. हा आकडा सगळीकडे 'आयसीयूतले 25 टक्के' म्हणून फिरतो, हे मला खटकतं. छेद जागे झालेल्यांचा आहे! तुमच्या प्रोटोकॉलमध्ये किती जण वगळले, का वगळले आणि आज्ञा कोणत्या भाषेत दिल्या, याचे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा.

जागा नसलेल्यासाठी नर्व्ह कंडक्शन आहे. गंभीर आजारपणाच्या कमजोरीत स्नायूकडून येणाऱ्या लहरीची उंची घटते, वेग बराचसा टिकतो. संवेदी लहरही घटली तर नर्व्ह बिघडल्याचा संशय, ती शाबूत तर स्नायूचा. मात्र सुजलेल्या पायावर संवेदी लहर नीट मिळतच नाही, त्यामुळे रिपोर्टसोबत सूज लिहून ठेवा. इंटरमीजिएट सिंड्रोमचा बिघाड सांध्यावर असल्याने तिथे एकामागोमाग झटके देऊन लहर लहान होत जाते का, ते बघतात.

शिवाय काही ऑर्गॅनोफॉस्फेटमुळे साधारण दोन-तीन आठवड्यांनी तिसरीच कमजोरी येते. ती मानेत नसते, पावलापासून सुरू होते. चालताना पायातली चप्पल निसटते. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर विष घेतल्याची तारीख आणि महिनाभराने पाय तपासायची तारीख, दोन्ही लिहा.