वाट टोकाला कळते

१९०७ साली अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातल्या चेतानलिकेचा बारीकसा तुकडा कापून घेतला आणि काचेच्या पातळ झाकणीवर मोठ्या बेडकाच्या लसीकेच्या थेंबात ठेवला. लसीका गोठल्यावर ती झाकणी खळगा असलेल्या काचपट्टीवर उलटी बसवली, कडा मेणाने बंद केल्या आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. तुकड्यातल्या पेशींमधून तंतू बाहेर पडू लागले. प्रत्येक तंतूचे टोक सारखे हलत होते, पसरत होते, पुढे सरकत होते.

या एका दृश्याने मोठा वाद निकाली निघत गेला. चेतातंतू अनेक पेशींच्या साखळीतून तयार होतो, असे काही शास्त्रज्ञ मानत. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांचे म्हणणे वेगळे होते: एकच पेशी स्वतःचा तंतू वाढवत नेते. १८९०मध्ये कोंबडीच्या भ्रूणाचे रंगवलेले काप तपासताना तंतूच्या टोकाशी त्यांना एक फुगीर भाग दिसला होता. आज तो ‘ग्रोथ कोन’ म्हणून ओळखला जातो. काहाल यांनी निर्जीव कापावरून जी हालचाल ताडली, ती हॅरिसन यांनी जिवंत पाहिली.

ग्रोथ कोन पसरलेल्या पंजासारखा असतो. त्याची बोटे म्हणजे ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांवर उभे राहिलेले नाजूक फाटे. ते सतत बाहेर येतात, आजूबाजूचे पृष्ठभाग चाचपतात आणि परत आत जातात. एखाद्या बाजूला अनुकूल रसायन लागले, की तिकडचे फाटे टिकतात आणि तंतू तिकडे वळतो. प्रतिकूल रसायन लागले, तर फाटे आखडतात.

हा निर्णय बऱ्याच अंशी टोकाशीच होतो. १९८७मध्ये विल्यम हॅरिस, क्रिस्टीन होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या भ्रूणात डोळ्याकडून मेंदूकडे निघालेले तंतू मूळ पेशीपासून तोडले. तुटलेले तंतूही काही काळ वाढत राहिले आणि नेमक्या ठिकाणी पोहोचले.

पण वाट दाखवणारी रसायने कोणती? त्यांतले एक हाती लागायला १९९४ साल उजाडले. मार्क टेसिए-लव्हिन यांच्या प्रयोगशाळेने कोंबडीच्या भ्रूणांचे सुमारे २५,००० मेंदू वापरून नेट्रिन हे प्रथिन वेगळे केले. मज्जारज्जूच्या तळाशी, बरोबर मध्यरेषेवर असलेल्या पेशी ते सोडतात आणि दोन्ही बाजूंचे ठरावीक तंतू त्याच्या ओढीने मध्याकडे येतात. एक मिलिमीटर लांबीच्या सीनोरॅब्डायटिस एलेगन्स या कृमीतही याच घराण्यातले प्रथिन हेच काम करते.

खरी गंमत मध्यरेषेवर आहे. तिथेच स्लिट नावाचे, तंतूंना दूर लोटणारे प्रथिनही असते. मध्याकडे येणाऱ्या तंतूला ते जाणवत नाही, कारण रोबो-३ हे प्रथिन त्याची ती संवेदना दाबून ठेवते. रेषा ओलांडताच हा अडसर दूर होतो, स्लिट जाणवू लागते आणि तंतू मागे वळत नाही. रेषा तीच, रसायनेही तीच. बदलतो तो तंतू.

माणसात रोबो-३चे जनुक बिघडले, तर काय होते, हे २००४मध्ये उघड झाले. अशा रुग्णांना जन्मापासून डोळे डावी-उजवीकडे फिरवता येत नाहीत आणि लहानपणापासून पाठीचा कणा वाकत जातो. मेंदूतून शरीराकडे जाणारे आणि शरीराकडून मेंदूत येणारे जे मुख्य तंतू एरवी बाजू बदलतात, ते त्यांच्यात आपल्याच बाजूला राहतात.

मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठीच्या संशोधनात म्हणूनच दोन्ही गोष्टी लागतात. तुटलेला तंतू पुन्हा वाढायला हवा आणि वाढल्यावर योग्य पेशीपर्यंत पोहोचायलाही हवा. नुसती वाढ पुरेशी नाही.